रिसर्च पेपरात 'सिग्निफिकंट' लिहिलंय, पण दंडात दिसणार का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या जामसंड्याच्या जिममध्ये लाईट गेलेली, जनरेटर नाही, सगळे अंधारात बाकड्यावर बसून गजाली मारत होते. तेवढ्यात ट्रेनरने मोबाईलवर एक स्क्रीनशॉट फिरवला. कुठल्याशा पावडरवरच्या रिसर्चचा. खाली लाल गोल केलेला, पी = ०.०३. म्हणे बघा, सायन्सने सिद्ध झालंय, आता तरी घ्या. माझा आतेभाऊ ट्रॉलरवर असतो, मासेमारी बंदी म्हणून दोन महिने घरी होता आणि वेळ जात नाही म्हणून जिमला यायचा, त्याने तो फोटो नीट बघितला आणि विचारलं, "ता सगळा खरा रे, पण वाढता किती ता सांग."

कोणाकडेच उत्तर नव्हतं. स्क्रीनशॉटमध्ये पण नव्हतं.

मी दापोलीला बीएस्सी ॲग्री केलंय, त्यामुळे हा पी आणि ०.०५ (पी त्याच्या खाली आला की निकाल 'सिग्निफिकंट', म्हणजे नुसता योगायोग नसावा असं धरतात) आमच्या डोक्यावर चार वर्षं आदळलाय. गंमत म्हणजे ही सगळी भानगड शेतातूनच आली. रोनाल्ड फिशर इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात होता, खताचे प्लॉट, पिकाचं उत्पन्न असल्या हिशोबातून त्याने १९२५ साली पुस्तक लिहिलं आणि २० मध्ये १, म्हणजेच ०.०५, ही मर्यादा सोयीची म्हणून वापरली. सोयीची! त्यात दैवी काही नाही. पण आंब्याच्या बागेत एक गोष्ट आम्हाला कोणी शिकवावी लागत नाही, ती म्हणजे फवारणीने झाडामागे चार फळं जास्त लागली आणि ते 'सिग्निफिकंट' आलं, तरी औषध, पेट्रोल आणि गड्याची मजुरी त्या चार फळांत निघते का हे वेगळं बघावं लागतं. जिमवाले नेमकं हेच विसरतात. तर मसल वाढीचा कुठलाही पेपर किंवा त्याचा फोटो समोर आला की मी काय करतो ते लिहितो, जमेल तसं.

सगळ्यात आधी, पेपर उघडायच्या आधी, आपला आकडा कागदावर लिहून ठेवायचा. म्हणजे किती वाढ झाली तर मी म्हणेन की हो, हे करण्यालायक आहे. एकदा निकाल बघितला की माणूस बेईमान होतो, ०.४ दिसलं की म्हणतो मला ०.४ च पाहिजे होतं. माझा आकडा मी आंब्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलाय: विकतच्या वस्तूसाठी तीन महिन्यांत नुसत्या व्यायामापेक्षा किमान अर्धा किलो जास्त लीन मास (चरबी सोडून बाकीचं वजन), नाहीतर पैसे खिशात. तुमचा वेगळा असेल. स्टेजवर उतरणाऱ्या पोराला पाव किलो पण सोन्याचा, आणि माझ्या मामांना साठीत जिना चढताना गुडघा थरथरू नये एवढंच पाहिजे, त्यांना स्नायूच्या जाडीच्या मिलीमीटरशी काय करायचंय. आणि आकड्याच्या बाजूला किंमत पण लिहायची, पैसे, वेळ, पथ्य, झोपमोड, सगळी.

मग पेपरात पहिलं शोधायचं ते पी नाही, फरक. किलोत, मिलीमीटरमध्ये, टक्क्यात, कशात पण, पण दोन ग्रुपमधला फरक. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने जाहीर निवेदन काढून सांगितलंय की पी व्हॅल्यू परिणाम किती मोठा आहे किंवा किती महत्त्वाचा आहे हे मोजत नाही. पी एवढंच सांगतो की खरोखर काहीच फरक नसता तरी एवढा किंवा यापेक्षा मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता किती. बास. हजार माणसं घेतली तर चिमूटभर फरक पण सिग्निफिकंट येतो, आणि आठ माणसं घेतली तर चांगला ढळढळीत फरक पण येत नाही.

आता खरं उदाहरण घेऊ, प्रोटीनचं, कारण डबे त्याचेच खपतात. २०१८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये मोठा आढावा आला, ४९ अभ्यास, १८६३ माणसं. निष्कर्ष काय, तर वेट ट्रेनिंगसोबत जास्तीचं प्रोटीन घेतलं की फायदा होतो, आणि तो सिग्निफिकंट आहे. जाहिरातवाला याचं काय करेल? तो म्हणेल मसल २७ टक्के जास्त! आणि तो खोटं बोलत नाही. नुसत्या व्यायामाने सरासरी १.१ किलो फॅट-फ्री मास (लीन मासच धरा) वाढला, प्रोटीनमुळे त्यात आणखी ०.३० किलो, आता ०.३० ला १.१ ने भागा, सत्तावीस टक्केच येतात. पण किलोत बोलायचं तर तीनशे ग्रॅम, सरासरी तेरा आठवड्यांच्या मेहनतीनंतर. आतेभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "मेल्या, तीनशे ग्राम म्हणजे एक बरा पापलेट. तेच्यासाठी चार हजाराचो डबो?"

(त्यातला सगळा मसल पण नाही बरं का, फॅट-फ्री मासमध्ये पाणी पण येतं, पण ते पुढे.)

ताकदीचं पण तसंच. नुसत्या व्यायामाने एका रेपचं मॅक्स (एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन) सरासरी २७ किलोने वाढलं, प्रोटीनने वर २.४९ किलो. म्हणजे काम व्यायाम करतोय, प्रोटीन वर फोडणी देतंय. टक्केवारी दिसली की नेहमी विचारायचं, कशाचे टक्के? वाढीचे टक्के की एकूण दंडाचे टक्के? ह्या एका प्रश्नाने अर्ध्या जाहिराती गळून पडतात.

त्याच पेपरात अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात आवडते. दिवसाला किलोमागे १.६२ ग्रॅमच्या वर प्रोटीन नेलं तर पुढे फायदा दिसला नाही, हे सगळीकडे सांगितलं जातं. पण त्या १.६२ चा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असेल असा अंदाज धरतात तो पट्टा, आहे १.०३ ते २.२०. आपल्या जिममध्ये भिंतीवर जो २.२ लिहिलेला असतो तो ह्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बसतो. सत्तर किलोच्या माणसाला लावून बघा, मधला आकडा साधारण ११३ ग्रॅम, खालचं टोक ७२ ग्रॅम, वरचं १५४ ग्रॅम. बहात्तर ग्रॅम म्हणजे दोन वेळचं बांगडा-भात, सकाळी अंडी आणि रात्री कुळथाची पिठी यात जवळजवळ होऊन जातं. दीडशे म्हणजे मुद्दाम उठून खायला लागणार. एवढा रुंद पट्टा असताना एखादा १.६२ च्या दशांश चिन्हावरून भांडत असेल तर त्याला भांडू द्यावं, आपण जेवायला बसावं.

यावरून मुख्य कामाची गोष्ट. पी सोडा, कॉन्फिडन्स इंटरव्हल वाचायला शिका. त्याची दोन टोकं घ्यायची आणि आपल्या वहीतल्या आकड्याशेजारी ठेवायची. समजा, हे मी मनाने घेतलेले आकडे आहेत, एका पद्धतीने दंडाची जाडी दुसरीपेक्षा ०.६ मिलीमीटर जास्त वाढली आणि इंटरव्हल ०.१ ते १.१. शून्य, म्हणजे 'काहीच फरक नाही', पट्ट्याबाहेर राहिलं, म्हणजे सिग्निफिकंट. पण माझा आकडा १ मिलीमीटर असेल तर जवळजवळ सगळा पट्टा माझ्या रेषेखाली आहे. फरक आहे हे मान्य, माझ्या कामाचा बहुतेक नाही. ०.६ मिलीमीटर म्हणजे खराट्यातल्या हिराच्या टोकाएवढं, ते आरशात कोणाला दिसणार?

आता उलटं घ्या. फरक १.५ मिलीमीटर आणि इंटरव्हल उणे ०.४ ते अधिक ३.४. शून्य आत आलं, नॉन-सिग्निफिकंट. पेपरात लिहितील "दोन्ही पद्धतींत फरक आढळला नाही". आमच्या ॲग्रीत याला 'ॲट पार' म्हणायचे, सी.डी.पेक्षा (क्रिटिकल डिफरन्स, सिग्निफिकंट म्हणायला लागणारा किमान फरक) फरक कमी आला की दोन्ही ट्रीटमेंट ॲट पार, पुढचं टेबल. आम्ही पण डोळे झाकून लिहायचो. पण हा पट्टा तर सांगतोय की फरक ३ मिलीमीटरपर्यंत असू शकतो, आम्ही एवढी कमी माणसं घेतली की आम्हाला कळलंच नाही. 'कळलं नाही' आणि 'नाही' यात गावाचं अंतर आहे. सगळा पट्टाच शून्याच्या आजूबाजूला अरुंद असेल, उणे ०.३ ते अधिक ०.३ असा, तरच खऱ्या अर्थाने ॲट पार म्हणा.

आणि मसलच्या अभ्यासात माणसं कमीच असतात, हा रोग जुना आहे. एका ग्रुपमध्ये दहा-बारा कॉलेजची पोरं, आठ-दहा आठवडे, संपलं. हिशोब असा की मध्यम परिणाम, म्हणजे इफेक्ट साईझ (फरक भागिले माणसामाणसांतली तफावत) ०.५, पकडायची ८० टक्के खात्री पाहिजे असेल तर प्रत्येक ग्रुपमध्ये ६४ माणसं लागतात. दहा-दहा घेतली तर असा खरा फरक असूनसुद्धा साधारण पाचात एकदाच सिग्निफिकंट येणार. इफेक्ट साईझ ०.२ एवढा बारीक असेल तर ग्रुपमागे चारशेच्या जवळपास माणसं पाहिजेत, आणि चारशे पोरं तीन महिने सांगितलेलं खातील, सांगितलेलं उचलतील, हे कोणाच्या बापाला जमणार नाही. कमी माणसांच्या अभ्यासाची दुसरी मेख अशी की त्यात जे सिग्निफिकंट येतं ते नशिबाने मोठं दिसलं म्हणूनच येतं, त्यामुळे छापलेला फरक खऱ्यापेक्षा फुगलेला असायची शक्यता जास्त. म्हणून एकट्या पेपरावर भुलायचं नाही.

इफेक्ट साईझवरून आठवलं, ते ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा हे जेकब कोहेनचे आकडे, त्याने पण ढोबळ अंदाज म्हणूनच दिलेले. मसलच्या बाबतीत ते फसवतात, कारण इफेक्ट साईझ काढताना फरकाला माणसामाणसांतल्या तफावतीने भागतात. सगळी एकसारखी बारीक पोरं घेतली की तोच मिलीमीटर मोठा दिसतो, मिसळ जमाव घेतला की लहान. मी तर शक्य तिथे परत मिलीमीटर नाहीतर किलोकडेच जातो.

आता मोजमाप. हे लोक बघतच नाहीत. मी आमच्या आंब्याच्या पेट्यांच्या काट्यावर वजन करतो, दहा मिनिटांत दोनदा चढलो तर शंभर-दोनशे ग्रॅम इकडंतिकडं. गणपतीत पाच दिवस मोदक, वडे, नारळीभात खाल्ला आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी १.८ किलो जास्त भरलो. मसल वाढला का? कसला वाढतोय. पीठ-गूळ खाल्लं की स्नायूत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि ते सोबत पाणी धरून ठेवतं. गंमत अशी की शरीरातली चरबी आणि बाकीचं वेगळं मोजणारं लाखो रुपयांचं डेक्सा मशीनसुद्धा ते पाणी 'लीन मास' म्हणूनच दाखवतं. क्रिएटिनच्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात लीन मास वाढलेला दिसतो त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो (क्रिएटिन वाईट आहे असं म्हणत नाहीये, उलट स्वस्त आणि कामाची गोष्ट आहे, पण पहिल्या आठवड्याचा किलो म्हणजे मसल नव्हे). नवीन व्यायाम सुरू केल्यावर पण तसंच, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दंड जाड झालेला मोजला जातो ती बरीचशी सूज असते, हे २०१६ च्या कामात नीट दाखवलंय. म्हणजे तीन-चार आठवड्यांचा अभ्यास असेल आणि "मसल वाढ" म्हणत असेल तर तिथेच हात जोडायचे.

अल्ट्रासाऊंडने तोच हात दोनदा मोजला तरी एका माणसात अर्धा-एक मिलीमीटर हलू शकतो. ग्रुपची सरासरी घेतली की ह्या चुका एकमेकांना खातात, ते ठीक, पण एकाच ग्रुपला सूज जास्त किंवा पाणी जास्त असेल तर ती चूक सरासरीने जात नाही. त्यामुळे विचारायचं, शेवटचं माप शेवटच्या व्यायामानंतर किती तासांनी घेतलं? मोजणाऱ्याला माहीत होतं का कोण कुठल्या ग्रुपमध्ये? उत्तर मेथडच्या भागात असतं, तो कंटाळवाणा भाग, तिथेच खरा माल असतो.

अजून एक चलाखी, ही इतकी चालते की मला राग येतो. "अ ग्रुपमध्ये वाढ सिग्निफिकंट, पी ०.०३, ब ग्रुपमध्ये नॉन-सिग्निफिकंट, पी ०.०८, म्हणून अ भारी." अरे बाबा, दोन्ही ग्रुप व्यायाम करत होते, दोन्ही वाढले, एकाने उंबरठा ओलांडला, दुसरा उंबरठ्यावर पाय ठेवून उभा आहे. अ आणि ब यांची एकमेकांशी तुलना कुठे आहे? ती नसेल, किंवा असून तिचा पी लपवला असेल, तर पेपर बंद करा. तसंच किती ठिकाणी मोजलं ते मोजा. बायसेप, ट्रायसेप, मांडी पुढून, मांडी मागून, तीन-तीन जागी, वर ताकद, वर हार्मोन. वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या आणि कशातच खरा फरक नसला तरी किमान एक सिग्निफिकंट यायची शक्यता ६४ टक्के. आणि स्क्रीनशॉट नेमका त्याच एकाचा निघतो.

कधीकधी उलटा धोका असतो, फरक इतका मोठा की विश्वासच बसू नये. २०१४ मध्ये एचएमबी नावाच्या सप्लिमेंटवर पेपर आला, १२ आठवड्यांत ७.४ किलो लीन मास, तेही आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांत. पी एकदम चकाचक. आता ह्याच्या शेजारी १९९६ चा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला अभ्यास ठेवा, आठवड्याला ६०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अधिक व्यायाम, १० आठवड्यांत ६.१ किलो. म्हणजे विकतचं सप्लिमेंट हार्मोनच्या इंजेक्शनपेक्षा पुढे? इतर संशोधकांनी त्यावर जाहीर शंका घेतल्याच. हे ६.१ किलो मी मनात वरची पाटी म्हणून ठेवलंय (घ्या म्हणून नाही, चुकूनही नाही), कोणी काही विकायला आलं आणि आकडा त्या पाटीच्या जवळ गेला की मी हसतो आणि चहा मागवतो.

मग लहान परिणाम म्हणजे टाकाऊ का? नाही, इथेच तर किंमत येते. २०१७ चा आढावा आहे, १५ अभ्यासांचा, आठवड्याला एका स्नायूला एक सेट (न थांबता मारलेली रेपची एक फेरी) वाढवला की वाढीत सरासरी ०.३७ टक्क्यांची भर. दंड ४० मिलीमीटर जाड धरला तर एका सेटमागे ०.१५ मिलीमीटर. हसू येतं ना? पण सेटला लागतात विश्रांती धरून तीन मिनिटं आणि पैसे शून्य. पाच-सहा सेट वाढवले तर मिलीमीटरच्या जवळ जातो, आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांत. अर्थात ही रेघ कायम सरळ वर जात नाही, चाळीस सेट मारून दंड दुप्पट होत नाही, सांधे मात्र बोलायला लागतात. माझ्यासाठी हा बारीक फरक घेण्यालायक आहे, आणि तेवढाच बारीक फरक चार हजारांच्या डब्यात मिळत असेल तर नाही. एप्रिल-मे मध्ये मात्र उलटं, आंब्याचा सीझन, पहाटे चारला उठून पेट्या भरायच्या, तेव्हा ती पंधरा मिनिटं मला डब्यापेक्षा महाग पडतात. तेव्हा मी सेट कमीच करतो, खंत न बाळगता.

शेवटी सरासरीचं. २००५ चा मोठा अभ्यास, ५८५ बायका आणि पुरुष, बारा आठवडे फक्त एका हाताचा व्यायाम. पुरुषांत दंडाचा आकार सरासरी २० टक्के वाढला, बायकांत १८. पण माणसागणिक बघितलं तर एकाचा २ टक्के कमी भरला आणि एकाचा ५९ टक्के वाढला, तोच प्रोग्रॅम, तेवढेच आठवडे. पेपर दोन ग्रुपमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक सांगतो तेव्हा हे उणे २ ते ५९ डोळ्यासमोर ठेवायचं. शक्य असेल तर पेपरात एकेका माणसाचे ठिपके असलेला ग्राफ शोधायचा. दोन्ही ग्रुपचे ठिपके एकमेकांत शिवाशिवीसारखे मिसळलेले दिसले तर सरासरीत थोडा फरक असला तरी तुम्ही कुठल्या ठिपक्यात पडणार ते पेपर सांगू शकत नाही. मग स्वतःवर बघायचं, पण नीट, शिंप्याची टेप, सकाळी उपाशीपोटी, व्यायामाला दोन दिवस सुट्टी देऊन, तीनदा मोजून मधला आकडा, आणि किमान तीन महिने. गणपतीनंतरच्या आठवड्यात नाही.

लाईट आल्यावर मी ट्रेनरकडे त्या स्क्रीनशॉटचा पूर्ण पेपर मागितला. म्हटलं दोन ग्रुपमधला फरक किती, माणसं किती, आणि इंटरव्हलची दोन टोकं, एवढंच दाखव, माझ्या आकड्यात बसलं तर डबा मी पण घेतो. म्हणाला पाठवतो. नारळी पौर्णिमा झाली, आतेभाऊ परत ट्रॉलरवर गेला, तिथून पण एकदा फोनवर विचारून झालं, "इलो काय रे तो पेपर?" अजून नाय इलो.